विचारा तर खरं : चंद्रावरची रात्र

मागच्या अंकात एका चौकटीत मी एवढंच लिहिलं होतं, की २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन (२०२३ साली याच दिवशी चांद्रयान-३ चं विक्रम हे यान प्रज्ञान या छोट्या गाडीला घेऊन चंद्रावर उतरलं), तेव्हा चंद्रावर गेलेल्या यंत्रांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आले, एकाने तर लक्ष्मी मंडईत वांगी निवडताना गाठलं. कविता पाठवणाऱ्यांची माफी मागते. चंद्रावर कविता करणारे महाराष्ट्रात भरपूर आहेत. इथे फक्त नटबोल्टांचं बोलू. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, तेव्हा कुणाचंच छापत नाही.

बाई, आपलं प्रज्ञान चंद्रावर शंभर मीटर चाललं म्हणून आम्ही चौकात पेढे वाटले. आमच्या कारखान्यातला एक जण म्हणतो, रशियाने १९७० सालीच तिथं दहा किलोमीटर गाडी चालवली. खरं काय? आणि खरं असलं तर आपण पेढे कशापायी वाटले?
— यंत्रमाग कामगार, अशोक चौक

खरं आहे. त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. माणसं चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो मोहिमांच्या गोंगाटात ही गाडी लोक विसरूनच गेले आहेत.

१७ नोव्हेंबर १९७० ला लुना-१७ हे यान मारे इम्ब्रियम नावाच्या काळ्या मैदानात उतरलं आणि त्याच्या फळीवरून लुनोखोद-१ खाली आली. ७५६ किलो वजन, आठ चाकं, वर गोल झाकण. मी तेव्हा पाचवी-सहावीत होते. त्या काळी गुळगुळीत कागदाची रशियन मासिकं स्वस्तात मिळायची आणि आम्ही त्यांची पानं वह्यांना कव्हर म्हणून घालायचो. माझ्या भूगोलाच्या वहीवर ही गाडी होती. वर्षभर मला ते लोखंडी न्हाणीचं घंगाळ वाटत होतं.

तिला चालवणारी माणसं जमिनीवर, क्रिमियात सिम्फरोपोलजवळ बसलेली. एका पाळीला पाच जण: कमांडर, चालक, दिशा बघणारा, अँटेना पृथ्वीकडे रोखून धरणारा आणि यंत्रांची तब्येत बघणारा इंजिनिअर. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे रेडिओचा संदेश पोचायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ आणि परतायला तेवढाच. शिवाय गाडीकडून सलग चलच्चित्र येत नव्हतं, थांबत थांबत एकेक स्थिर चित्र यायचं. चालकाच्या डोळ्यांपुढे खड्डा दिसेपर्यंत गाडी खड्ड्याच्या तोंडाशी पोचलेली असू शके. अशा अवस्थेत त्यांनी ती साडेदहा किलोमीटर नेली, आणि दहा महिने चालती ठेवली. दुसरी लुनोखोद जानेवारी १९७३ मध्ये गेली. ती चारेक महिन्यांत ३९ किलोमीटर चालली. परक्या जमिनीवर इतकं अंतर दुसऱ्या कुठल्या गाडीने कापायला २०१४ साल उजाडलं, आणि तेही मंगळावर, नासाच्या ऑपर्च्युनिटी या गाडीने.

दुसरीचा अंत मात्र चुटपुट लावणारा आहे. एका विवरातून जाताना तिचं उघडं झाकण कडेला घासलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सोलर सेल होते, त्यांवर माती पडली. रात्री नेहमीप्रमाणे झाकण मिटलं तेव्हा तीच माती खाली रेडिएटरवर सांडली. सकाळी झाकण उघडलं, ऊन वाढलं, उष्णता बाहेर पडेना आणि गाडी तापून बंद पडली. मूठभर धूळ! यंत्रमागावर काम करणाऱ्याला धुळीचं मी काय सांगावं.

आता पेढ्यांचं. प्रज्ञान २६ किलोचं होतं, पहिल्या लुनोखोदच्या जवळपास तिसाव्या हिश्श्याएवढं. ते दक्षिणेकडे जवळपास ७० अक्षांशावर उतरलं. तिथवर तोपर्यंत कुणी अलगद उतरलं नव्हतं. २७ ऑगस्टला समोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तेव्हा त्याला मागे वळवून दुसऱ्या वाटेने नेलं. त्या शंभर मीटरमध्ये २३ ठिकाणी थांबून त्याने मातीतली मूलद्रव्यं तपासली. माती बहुतेक सगळीकडे एकाच घडणीची निघाली. चंद्र जन्मल्यानंतर त्याचा वरचा थर वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलकी खनिजं त्यावर तरंगून थिजली, या कल्पनेला दक्षिणेकडून मिळालेला हा पहिला प्रत्यक्ष आधार. गंधकही सापडलं. तेव्हा पेढे वाया गेलेले नाहीत. पण चंद्रावर माणूस न बसलेल्या गाडीचे किलोमीटर मोजायचे असतील तर रशियाचा हात आजही कुणी धरू शकत नाही, हेही तितकंच खरं.

मी मिलमध्ये बॉयलरवर नोकरी केली. मला एकच कळत नाही. विक्रम नि प्रज्ञान रात्रीच्या थंडीनं गेले म्हणतात. मग एक हीटर लावायला काय झालं होतं? सहाशे कोटी खर्चले आणि हीटरला पैसे नव्हते का?
— निवृत्त बॉयलर अटेंडंट, लष्कर भाग

काका, आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत आवडला. उतरताना टाळ्या वाजवणारे पुष्कळ. रात्रीचं विचारणारे तुम्ही एकटेच. माझ्या मते चंद्रावरच्या यंत्राची खरी परीक्षा ही रात्रच आहे.

तिथला एक दिवस-रात्र मिळून आपले साडेएकोणतीस दिवस. म्हणजे चौदा दिवस ऊन, चौदा दिवस काळोख. सोलापुरात मे महिन्यात दुपारी ४३ अंश असतं आणि रात्री फार तर पंधरा अंशांनी उतरतं, तरी आपण गच्चीवर झोपून हुश्श करतो. विक्रमच्या पायाशी दुपारी जमिनीचं तापमान ८२ अंशांपर्यंत गेलं होतं. ती जागा सूर्याकडे सहा अंश उतरती होती एवढ्यानेच. मीटरभर पलीकडे सपाटीवर ते साठच्या आतबाहेर. आणि तिथेच रात्री उणे दीडशेच्याही खाली. मधे हवा नाही, की जी दिवसाची ऊब धरून ठेवेल. चास्ते हे उपकरण जमिनीत खुपसलं तर अवघ्या आठ सेंटिमीटर खोलीवर उणे दहा अंश! चार बोटं मातीत एवढा फरक, कारण ती भुकटी उष्णता खाली जाऊच देत नाही.

अशा थंडीत बॅटरी गोठते. तांबं, कथिल, सिरॅमिक वेगवेगळ्या मापाने आक्रसतात आणि सर्किटवरचे टाके तुटतात. म्हणून ऊब हवी. आता तुमच्या हीटरचा हिशोब मांडू. फक्त ५० वॉटचा हीटर घेतला. चौदा दिवस, चोवीस तास: १६,८०० वॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत सोळा-सतरा युनिटं. घरी आपण तेवढी कूलरवर सहज उडवतो. पण तिथे रात्री ऊन नाही, तर सगळी वीज बॅटरीत साठवून न्यायची. चांगल्या लिथियम बॅटरीच्या किलोमागे दीडशे-पावणेदोनशे वॉट-तास धरले तर नुसती बॅटरीच शंभर किलोच्या घरात. प्रज्ञान स्वतः २६ किलोचं. पैशाचा प्रश्नच नव्हता, वजनाचा होता.

रशियाने यातून काढलेली वाट बॉयलरवाल्याला पटेल अशी आहे. लुनोखोदमध्ये पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी द्रव्य ठेवलं होतं. ते आपोआप तापत राहतं. ती ऊब आतल्या बंद पेटीतल्या वायूतून फिरवायची आणि रात्री झाकण मिटून घ्यायचं, की आतली उष्णता आत. वीज लागत नाही, इंधन भरावं लागत नाही. पोलोनियमचं अर्धं आयुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १३८ दिवसांचा, तेव्हा तो विस्तव हळूहळू मंदावतोच. चीनची युटू-२ ही गाडी २०१९ पासून चंद्राच्या पलीकडच्या बाजूला होती, तिच्यात प्लुटोनियम-२३८ आहे. त्याचं अर्धं आयुष्य जवळपास ८८ वर्षांचं. रात्र झाली की झोपायचं, ऊन वर आलं की उठायचं, असं तिने वर्षानुवर्षं केलं.

भारताने हे का केलं नाही? मोहीमच एका चांद्रदिवसाची ठरवली होती. उतरण्यातच २०१९ ला चांद्रयान-२ च्या वेळी तोंड पोळलेलं. आधी उतरू, मग रात्रीचं बघू, असा तो निर्णय. मला तो शहाणपणाचा वाटतो. झोपवताना बॅटऱ्या पूर्ण भरून, रिसीव्हर चालू ठेवून, जमलं तर जमलं म्हणून सोडून दिलं. २२ सप्टेंबरला तिथे पुन्हा ऊन आलं, हाका मारल्या, उत्तर आलं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले एकेक वॉटचे दोन किरणोत्सारी ऊबदार ठोकळे चांद्रयान-३ च्या प्रॉपल्शन मोड्यूलमध्ये, म्हणजे विक्रमला चंद्रापर्यंत नेणाऱ्या भागात, मात्र बसवले होते. ते मोड्यूल कक्षेत राहिलं, जमिनीवर आलं नाही. ठोकळ्यांची ती चाचणी म्हणा.

आणि हिशोबाला न जुमानणारीही यंत्रं असतात. जपानचं स्लिम यान १९ जानेवारी २०२४ ला चंद्रावर उतरलं ते नाकावर, सोलर पॅनेल भलत्याच दिशेला. रात्र काढायची त्याची रचनाच नव्हती, किरणोत्सारी ऊबही नव्हती. पट्ठ्याने तीन रात्री काढल्या.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. तेही रात्री. आणि हे लोक चंद्रावर पाणी शोधायला चालले! राग येतो. उत्तर द्याच.
— गृहिणी, जुळे सोलापूर

ताई, मीही त्याच भागात राहते. पिंप, बादल्या, हंडे सगळं भरून झाल्यावरच हे लिहायला बसले आहे. तुमच्या रागाशी माझं भांडण नाही. फक्त चांद्रयान गेलं नसतं तर आपल्या नळाला रोज पाणी आलं असतं, हे गणित मला जुळत नाही. आपलं पाणी पाइप, पंप आणि वाटप यांत अडलेलं आहे.

चंद्रावरच्या पाण्याची गोष्ट मात्र ऐकाच, कारण तीत आपला वाटा मोठा आहे. अपोलोने आणलेले दगड इतके कोरडे होते, की चंद्र म्हणजे हाडासारखा सुका असंच सगळे धरून चालले होते. चांद्रयान-१ ऑक्टोबर २००८ मध्ये गेलं. १४ नोव्हेंबरला त्यातून चौतीस-पस्तीस किलोची एक पेटी, बाजूंवर तिरंगा रंगवलेली, दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन विवराच्या परिसरात आदळवली. पडता पडता तिच्यातल्या उपकरणाला पाण्याच्या खुणा मिळाल्या. त्याच यानावरच्या एम-थ्री या अमेरिकन उपकरणाने मातीवरून परतणाऱ्या उजेडात पाण्याची सही ओळखली. सप्टेंबर २००९ मध्ये ते जाहीर झालं. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीस यानाशी संपर्क तुटला होता.

पुढच्याच महिन्यात, ९ ऑक्टोबर २००९ ला, नासाने कॅबियस नावाच्या कायम अंधाऱ्या विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला आणि उडालेल्या धुरळ्यात सुमारे १५५ किलो पाणी मोजलं. तिथली माती शंभर किलो घेतली तर त्यात साधारण साडेपाच किलो पाणी, असा अंदाज निघाला, कमीजास्त धरून. या विवरांच्या तळाशी सूर्य कधीच पोचत नाही, काही जागी उणे अडीचशेच्या आसपास थंडी. म्हणजे पुन्हा रात्रच, न संपणारी. पाणी जिथे आहे तिथेच यंत्रं सर्वांत कमी टिकतात, असा हा तिढा आहे. बॅटरीवर आत उतरायचं, काम उरकायचं आणि गोठायच्या आत उन्हात यायचं, असंच करावं लागणार.

विहीर खणताना आम्हाला काळा पाषाण लागतो. नातू म्हणतो चंद्रावरपण हाच दगड हाय. पोरगं थापा मारतंय का?
— शेतकरी, मंद्रूप

आप्पा, पोरगं बरोबर आहे, निम्मं. पौर्णिमेला चंद्रावर जे काळे डाग दिसतात ते बेसाल्टचे, म्हणजे तुमच्या विहिरीतल्याच जातीच्या दगडाचे. दोन्हीकडे लाव्हा पसरून थिजला. आपला दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तिथला बहुतेक तीनशे कोटी वर्षांहून जुना. चीनच्या चांग'अ-५ ने २०२० साली १,७३१ ग्रॅम माती आणली, त्यात दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट निघाला. चंद्र इतक्या उशिरापर्यंत आतून गरम कसा राहिला, हे कोडं त्याने घालून ठेवलं. आणि त्या बेसाल्टवर उल्का आदळली की काय होतं ते पाहायला चंद्रावर जायला नको. बुलढाण्याला लोणारला जा. पावणेदोन-दोन किलोमीटरचं ते विवर बेसाल्टमध्येच झालेलं आहे.

पण पांढरा भाग वेगळा. तो अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या फिकट खडकाचा, आणि चांद्रयान-२ व ३ उतरवायचं ठरलं ते तिकडेच. इस्रोला पाय आणि चाकं तपासायला तशी माती टनावारी हवी होती. आपल्या काळ्या दगडाचा तिथे उपयोग नाही. ती मिळाली तमिळनाडूत, नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडी आणि कुन्नमलै या गावांकडे. दगड दळून, चंद्रावरच्या भुकटीएवढा बारीक करून बंगळुरूला पसरला. नातवाला सांगा, मंद्रूपचा दगड पाठवायचा असेल तर मोहीम काळ्या मैदानात जाईल तेव्हा.

चंद्रावर यानं पडतात फार. इस्राएलचं पडलं, आपलं पडलं, रशियाचं पडलं, जपानी कंपनीचं दोनदा पडलं. १९६६ ला जमलं ते आता का जमेना?
— पदवीचा विद्यार्थी, सोलापूर

१९६६ लाही सरळ जमलं नव्हतं. ३ फेब्रुवारी १९६६ ला लुना-९ पहिल्यांदा अलगद उतरलं, त्याआधी रशियाची कितीतरी यानं गेली ती गेलीच. तेव्हाची सगळी अपयशं जाहीर होत नसत, एवढाच फरक.

हवा नसल्याने पॅराशूट नाही, वेग मारायचा तो सगळा इंजिनाने. आणि पृथ्वीवरून हाकायला वेळ नाही, निर्णय यानाने स्वतःच घ्यायचे. बिघाड मात्र प्रत्येकाचा निराळा. चांद्रयान-२ ला इंजिनांनी ठरल्यापेक्षा जरा जास्त जोर लावला, चूक साठत गेली, आणि ती सावरायला लागेल इतक्या झपाट्याने वळायची सॉफ्टवेअरने परवानगी दिली नव्हती. शिवाय उतरायची जागा अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटर, तिथेच पोचण्याचा अट्टहास. पुढच्या वेळी जागा चार किलोमीटर बाय अडीचच्या जवळ नेली, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, वेग मोजणारं लेझर उपकरण घातलं. रशियाच्या लुना-२५ चं इंजिन ऑगस्ट २०२३ मध्ये ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चाललं आणि खेळ संपला. जपानच्या आयस्पेस कंपनीचं पहिलं यान एका विवराच्या कड्यावरून गेलं, उंची एकदम तीन किलोमीटरने वाढलेली दिसली. सॉफ्टवेअरला वाटलं मोजपट्टीच बिघडली, म्हणून त्याने खरा आकडा फेकून दिला. यान पाचेक किलोमीटर उंचीवर, आपण जमिनीलगत आहोत अशा समजुतीत तरंगत राहिलं आणि इंधन संपल्यावर कोसळलं. प्रयोगवहीत न आवडणारं निरीक्षण खोडणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा किस्सा हल्ली आवर्जून सांगते.

चित्र इतकंही वाईट नाही. मार्च २०२५ मध्ये फायरफ्लाय या अमेरिकन कंपनीचं ब्लू घोस्ट नीट उभं उतरलं, चौदा दिवस राबलं आणि अंधार पडल्यावरही काही तास बोलत राहिलं.

विक्रमची आता मालकी कुणाची? उद्या कुणी उचलून नेलं तर?
— वकील, सात रस्ता

वकीलसाहेब, हे तुम्ही मला सांगायचं! १९६७ च्या अंतराळ कराराप्रमाणे चंद्राची जमीन कुठल्याच देशाची नाही, पण तिथे ठेवलेली वस्तू ज्याची त्याचीच राहते. सर्व्हेयर-३ हे अमेरिकेचं यान १९६७ ला उतरलं आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी चालत जाऊन त्याचा कॅमेरा काढून आणला. आपलाच माल, तक्रार कोण करणार. गंमत लुनोखोद-२ ची. ती १९९३ साली न्यूयॉर्कला लिलावात विकली गेली, जागेवर जशी आहे तशी, ६८,५०० डॉलरला. घेणाऱ्याने वाहतूक स्वतः करायची.

विक्रम मेलं तरी अगदी मुकं नाही. त्याच्यावर नासाने दिलेला आरशांचा एक छोटा संच आहे, त्याला वीज लागत नाही. १२ डिसेंबर २०२३ ला शंभर किलोमीटरवरून जाणाऱ्या अमेरिकेच्या एलआरओ यानाने त्यावर लेझर मारला आणि तो परत आला.

माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे. गच्चीवरून विक्रम दिसेल का?
— इयत्ता नववी, विजापूर रोड

नाही. त्या दुर्बिणीतून दीड-दोन किलोमीटरहून लहान काही सुटं दिसणार नाही. अंतराळातल्या हबल दुर्बिणीलासुद्धा चंद्रावर शंभरेक मीटरहून बारीक दिसत नाही. पण जागा ओळखता येईल. पौर्णिमेला बघू नकोस, सगळं सपाट दिसतं; शुक्ल पक्षातल्या नवमी-दशमीला बघ. टायको विवर शोध, तिथून खाली दक्षिणेच्या काठाकडे सरक. मॅन्झिनस हे विवर सापडलं की त्याच्या जवळपास कुठेतरी. चंद्राचा नकाशा आधी छापून घे.

पुढं काय? आणि माती आणायचीच तर अपोलोने ३८२ किलो आणलीय ना, पुन्हा कशाला?
— निवृत्त एसटी वाहक, बार्शी

अपोलोची सगळी माती चंद्राच्या पुढच्या बाजूची, मध्यपट्ट्याजवळची. एका तालुक्यातल्या जमिनीवरून महाराष्ट्र सांगण्यातला प्रकार. चीनने जून २०२४ मध्ये चांग'अ-६ ने पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम माती पहिल्यांदाच आणली. ती बाजू पृथ्वीकडे कधीच वळत नाही, म्हणून संदेश पोचवायला निराळा उपग्रह आधी ठेवावा लागला.

आपलं चांद्रयान-४ हे माती आणण्यासाठीच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटींना मंजुरी दिली. एलव्हीएम-३ या रॉकेटची दोन उड्डाणं, यानाचे पाच भाग. एक भाग उतरणार, माती खरवडून डब्यात भरणार. दुसरा भाग तो डबा घेऊन चंद्रावरून उडणार, कक्षेत तिसऱ्याशी जोडला जाणार आणि पृथ्वीकडे येणार. कक्षेत दोन यानं जोडणं आपल्याला येत नव्हतं. इस्रोच्या स्पेडेक्स या प्रयोगातल्या दोन उपग्रहांनी १६ जानेवारी २०२५ ला ते करून दाखवलं. म्हणून त्या बातमीला मी चांद्रयानाच्या खात्यात धरते, वर्तमानपत्रांनी ती आतल्या पानावर टाकली असली तरी.

माझी खरी नजर जपानबरोबरच्या मोहिमेवर आहे. लँडर आपला, रोव्हर आणि रॉकेट जपानचं. दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीत भोक पाडून पाणी किती, कसलं, ते बघायचं, आणि काम तीन-साडेतीन महिन्यांचं. म्हणजे बॉयलरवाल्या काकांचा प्रश्न या वेळी टाळता येणार नाही. रात्र काढावीच लागेल. नासाचं व्हायपर हे याच कामाचं रोव्हर तयार होऊनही जुलै २०२४ मध्ये रद्द केलं होतं. पुढच्या वर्षी त्याला ब्लू ओरिजिन या अमेरिकन कंपनीच्या लँडरवर पुन्हा जागा मिळाली. बांधून झालेलं यंत्र सुटं करून त्याचे भाग दुसरीकडे वापरायला निघाले होते याचा राग मला अजून आहे.

बाई, मी आयटीआयला आहे, मुलगी म्हणून वर्गात एकटीच. इस्रोत फक्त आयआयटीवाले घेतात का?
— आयटीआय विद्यार्थिनी, सोलापूर

नाही गं. तिरुवनंतपुरमची अंतराळ संस्था आयआयएसटी आहे, तिथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या वाटेने जातात, आणि पदवीधर अभियंत्यांची भरती वेगळी. पण यानाची टाकी, पाय, वायरिंग, व्हॅक्यूमच्या पिंपातली चाचणी हे सगळं कुणाच्या तरी हातून होतं. त्यासाठी टेक्निशियन-बी नावाचं पद असतं: दहावी आणि आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड येतात. ड्राफ्ट्समनचीही पदं निघतात. लेखी परीक्षा, मग हातकामाची चाचणी. जाहिरात इस्रोच्या आणि तिच्या केंद्रांच्या संकेतस्थळांवर येते. तिरुवनंतपुरम, बंगळुरू, श्रीहरिकोटा, महेंद्रगिरी अशी केंद्रं वेगवेगळी जाहिरात काढतात, तेव्हा सगळीकडे बघत जा. पैसे घेऊन आत लावतो म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच घालव. पत्रात तू ट्रेड लिहिला नाहीस. तो कळव, म्हणजे मागच्या परीक्षांत त्या ट्रेडला काय विचारलं होतं ते शोधून पाठवते.